पाण्याचं बाळसं

दुधी भोपळा आमच्या घरात येत नाही. मी येऊ देत नाही. आधी बारीक चिरलेला, मग पाण्यात भिजवलेला, ते पाणी फेकून उकडलेला, तेही पाणी फेकून पुन्हा शिजवलेला, बिनमिठाचा दुधी मी इतका खाल्लाय की काही विचारू नका. आमच्यात पुढचा जन्म मानत नाहीत, नाहीतर म्हटलं असतं की त्याचाही कोटा मी याच जन्मी संपवलाय.

हे मी चिडून लिहितेय. शांतपणे लिहून बघितलं, जमलं नाही. लोक म्हणतात, "प्रज्ञा, बरी झालीस ना आता? मग कशाला जुनं उकरून काढतेस?" काढते, कारण ज्यांची पोरं आज डायलिसिसच्या मशीनवर आहेत, त्यातल्या कितीतरी घरांत आत्ता तेच चाललं असेल जे आमच्याकडे चाललं होतं. माझ्या किडन्या जन्मापासूनच बारक्या आणि अधू होत्या, त्याला कुणीच जबाबदार नाही. पण त्यानंतर माझी जी उपासमार झाली ती माणसांनी केली, आणि प्रेमानं केली. वैऱ्यानं केली असती तर निदान कचाकचा भांडता तरी आलं असतं.

"मुलीला बाहेर बसवा"

मी सातवीत होते. सकाळी मळमळायचं, डोकं दुखायचं, चेहरा पांढराफटक. शाळेतल्या बाई म्हणायच्या, अभ्यास चुकवायला सोंगं करते. कॉलनीतल्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, मग टॉनिक दिलं, मग पुन्हा जंताचं औषध दिलं. माझ्या पोटात जंत असते तर तेही कंटाळून निघून गेले असते. मग एके दिवशी घराचा जिना चढताना मला श्वासच घेता येईना. पप्पांनी रिक्षात घातलं. द्वारका चौकात नेहमीसारखं ट्रॅफिक तुंबलेलं, रिक्षावाला हॉर्न बडवतोय, मम्मी ओढणीनं मला वारा घालतेय आणि पप्पा अर्धे बाहेर वाकून समोरच्या ट्रकवाल्याला शिव्या देतायत. पप्पांच्या तोंडून शिवी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. ते एका सरकारी ऑफिसात क्लार्क आहेत, शिपायालाही अहोजाहो करतात.

हॉस्पिटलात रक्त काढलं, सोनोग्राफी झाली आणि मोठे डॉक्टर पप्पांना म्हणाले, "मुलीला जरा बाहेर बसवा."

किडन्या माझ्या, आणि बाहेर मी! दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं. दोन्ही गेल्यात, म्हणाले. पप्पांनी विचारलं, "किती दिवसांचा कोर्स आहे, साहेब?" डॉक्टर म्हणाले, कोर्स नाही, दुसरी किडनी बसेपर्यंत मशीन. त्यावर मम्मी एका दमात म्हणाली, "मग माझी घ्या ना." शेजारणीनं कोथिंबीर मागावी आणि आपण आपल्या जुडीतली काढून द्यावी, इतकं सहज. पप्पा मात्र रडले. मी बाकावर बसून ते ऐकत होते आणि कुणीतरी बाहेर येऊन मला सांगेल म्हणून वाट बघत होते. बाहेर आल्यावर दोघंही म्हणाले, "काही नाही गं, जरा अशक्तपणा आहे."

मशीन

आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा दिवस. आधी मानेत नळी होती, नंतर छोटं ऑपरेशन करून हाताची शीर सुया टोचण्यासाठी तयार केली. सगळे पेशंट मोठे, मी एकटी लहान. रक्तदाब मोजायचा पट्टा मोठ्यांच्या मापाचा, तो माझ्या दंडावर दोनदा गुंडाळायचे आणि दाखवेल ते खरं मानायचे. एसी असा, की बाहेर एप्रिल आणि आत मी घरची गोधडी पांघरून कुडकुडतेय. मशीनवरून उतरलं की डोकं ठणकायचं आणि पोटऱ्यांत गोळे यायचे.

वाईटच होतं सगळं असं नाही म्हणणार. एक सिस्टर होती, ती सुई टोचायच्या आधी सांगायची, "आता दुखेल बरं का." बाकीचे म्हणायचे, "दुखत नाही." मला ती खरं बोलणारी आवडायची. आणि शेजारच्या बेडवर मालेगावचे चाचा होते. त्यांचा यंत्रमागांचा कारखाना, आवाजात जन्म गेलेला, त्यामुळे ते कानात सांगायची गोष्टही साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी सांगायचे. त्यांच्या डब्यात रोज उकडलेली अंडी, वर मिरपूड. वास आला की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

"खाएगी क्या बेटा?"

"नको नको," पप्पा म्हणायचे, "तिला पथ्य आहे."

"मेरेकू तो डाक्टर बोले, रोज खाव."

हे मी घरी आत्याला सांगितलं, तर आत्या म्हणाली, "ते मोठे आहेत. तुझा जीव केवढा! तुझं वेगळं." वेगळं होतं हे खरंच, पण ते असं उलटं वेगळं होतं, हे कळायला पुढे वर्ष जायचं होतं.

लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टर बाहेरगावाहून महिन्यातून एकदा यायच्या. त्यांचा वार आणि माझा वार कधी जुळला नाही. कुणाला तो जुळवावासाही वाटला नाही.

आत्याचं पथ्य

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. शाळेत शिकवून रिटायर झालेली, आमच्याच कॉलनीत मागच्या गल्लीत राहते. आजी लवकर वारली तेव्हा पप्पांना तिनंच लहानाचं मोठं केलं. त्यामुळे आमच्या घरात मम्मी स्वयंपाक करते आणि काय करायचा ते आत्या ठरवते. आत्याच्या मिस्टरांना, म्हणजे आमच्या मामांना, बरीच वर्षं किडनीचा त्रास होता. डॉक्टरांनी त्यांना डाळी, अंडी, मटण कमी करायला सांगितलं होतं. आत्यानं ते असं कडक पाळलं की मामांना शेवटपर्यंत मशीन लागलं नाही. ते गेले ते हार्टनं. कॉलनीत अजून सांगतात, पथ्य करावं तर मॅडमनी.

माझं निदान झालं त्याच संध्याकाळी आत्या आली आणि पदर खोचून मम्मीला म्हणाली, "सुनंदा, घाबरू नकोस. किडनीचं सगळं मला तोंडपाठ आहे. हिचं मी बघते." मम्मीला वाटलं, चला, कुणीतरी माहीतगार आहे. ती आत्याच्या पाया पडायची तेवढी बाकी राहिली.

मीठ कमी आणि पाणी मोजून, हे माझ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काही भाज्या उकडून पाणी फेका, हेही त्यांचंच. पण बाकीचं सगळं मामांचं आलं. अंडी गेली, सुकट गेली, बोंबील गेले, मटण गेलं. दूध-दही गेलं. चटणीतले शेंगदाणे गेले. डाळीचं वरचं पाणी मला आणि खालची डाळ बाकीच्यांना. राहिलं काय, तर भात, साबुदाणा आणि तो मेला दुधी. हॉस्पिटलातही आल्या-गेल्याला एकच सल्ला, "पथ्य पाळा हं." कुठलं, कुणाचं, किती, हे सांगायला कुणाला वेळ होता? घरात माझ्यासाठी सगळ्यांनी मटण सोडलं, त्याचं केवढं कौतुक! मला विचारलं असतं तर म्हणाले असते, बाबांनो, तुम्ही खा आणि मलाही द्या.

आपल्याकडे पथ्य हे औषधाच्या वर. औषध चुकलं तर लोक म्हणतात, असू दे, होतं. पथ्य चुकलं की पेशंट गुन्हेगार. रिपोर्ट जरा इकडचा तिकडे आला की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. "काय खाल्लंस? खरं सांग. शाळेत कुणाच्या डब्यातलं घेतलंस?" मी भुकेनं कासावीस आणि वर चौकशी माझीच.

बाळसं

सुरुवातीला पोटात कावळे ओरडायचे. काही महिन्यांनी कावळेही उडून गेले. भूक मेली. काहीही तोंडात घातलं की चिल्लर चोखल्यासारखी चव लागायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. ओठांचे कोपरे चिरले. पाय आतून ठणकायचे, जिन्यावर पप्पा उचलून न्यायचे. बरोबरच्या मुली मैदानात खेळायच्या आणि मी कठड्याला धरून उभी.

आणि गंमत बघा, चेहरा मात्र गोल व्हायला लागला. गाल वर आले. कॉलनीतल्या बायका "जय भीम मॅडम" करत आत्याला थांबवायच्या आणि माझा गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, "पोरीनं काय बाळसं धरलंय! तुमच्या हाताला गुण आहे हो." आत्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. माझ्या अंगावरचं रोज उतरत होतं.

हे मशीनवाल्यांच्या लक्षात कसं आलं नाही, म्हणाल. मशीनला लावण्याआधी वजन करतात, उतरल्यावर करतात. अंगात साठलेलं जादा पाणी काढून एका ठरवून दिलेल्या वजनावर आणून सोडतात. माझं ठरलेलं वजन महिनोन्‌महिने तेच राहिलं आणि सगळे खूश, वजन टिकून आहे म्हणून. अहो, वजनकाट्याला मांस कुठलं आणि पाणी कुठलं, काय कळतंय? मांस झडत होतं, त्या जागी पाणी भरत होतं आणि बेरीज तीच येत होती. पण काटा सोडून माझ्याकडे बघायला काय पैसे पडत होते?

एक चिमटा

मम्मीची किडनी जुळली. घरात खूप दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं. ऑपरेशनची तारीख ठरवायची, पण त्याआधी लहान मुलांच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हणायला हवं होतं. तेव्हा कुठे त्या बाईंची आणि माझी गाठ पडली.

त्यांनी फाईल बाजूला ठेवली. माझी बाही वर केली, दंडाची कातडी चिमटीत धरली. मग नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच. "काय खातेस गं तू?" त्यांनी विचारलं. मला. सरळ माझ्याकडे बघून.

उत्तर आत्यानं दिलं. धडा म्हणून दाखवावा तसं, घडाघडा, अभिमानानं. डाळीचं पाणी आलं तेव्हा डॉक्टर बाईंनी डोळे मिटले.

"मॅडम, तुम्ही मनापासून केलंय ते कळतंय," त्या म्हणाल्या. "पण हे पथ्य मशीन लागायच्या आधीचं आहे, तेही मोठ्या माणसाचं. अर्धवट चालणाऱ्या किडनीवर भार नको म्हणून ते देतात. हिच्या किडन्या संपल्यात, काम मशीन करतंय. आणि मशीन रक्त धुताना घाणीबरोबर चांगलंही धुऊन नेतं, प्रथिनं, व्हिटॅमिनं, सगळं. वर हिचं वाढीचं वय. हिला तुमच्यापेक्षा जास्त लागतं."

"पण बाळसं..." आत्या म्हणाली.

"पाणी आहे ते."

मग त्या पप्पांकडे वळल्या. अशा अंगावर ऑपरेशन करू देणार नाही, म्हणाल्या. टाके भरणार नाहीत, साधा संसर्ग झाला तरी पोरीला झेपायचा नाही. आधी अंगात खरोखरचं मांस येऊ दे, मग तारीख. किती अंडी, किती डाळ ते त्यांनी समजावून सांगितलं आणि जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या दिल्या. ते प्रमाण मी इथे लिहिणार नाही. ते माझं होतं. तुमच्या पोराचं तुम्ही विचारा, आणि सांगेपर्यंत तिथून हलू नका.

मला रडू आलं नाही, संताप आला. इतके महिने मी त्या बेडवर पडून होते. दर वेळी कुणी ना कुणी रक्त काढलं, दाब घेतला, काट्यावर उभं केलं. काय खातेस, हा साधा प्रश्न एकालाही सुचला नाही.

अंडं

तुम्हाला वाटेल, झालं, सांगितलं डॉक्टरांनी, सुरू झालं जेवण. कसलं काय! परत येताना रिक्षातच आत्या म्हणाली, "कालची पोरगी. मामांना बघायचे ते डॉक्टर केवढे मोठे होते, त्यांना कळत नव्हतं का?" दुसऱ्या दिवशी मम्मीनं अंडं उकडत ठेवलं तर आत्यानं गॅस बंद केला.

"पोरीला मारायचंय का तुला?"

"ताई, डॉक्टरांनीच..."

"मी माझ्या माणसाला जगवलंय सुनंदा. तू कुणाला जगवलंयस?"

पप्पा वर्तमानपत्रात तोंड घालून म्हणाले, "थोडं थांबू. अजून एका डॉक्टरांना विचारू." पप्पा पाहिजे तेवढे चांगले आहेत, पण बहिणीसमोर त्यांचं मांजर होतं. मम्मी अर्धवट उकडलेलं अंडं पातेल्यातून काढून बघत उभी राहिली आणि मग तिनं ते कट्ट्यावर ठेवून दिलं. मला तिचा राग आला, पप्पांचा आला, आत्याचा तर आलाच. तारीख लांबत गेली. मशीनवर माझा दाब कोसळायला लागला. एकदा तर शुद्ध गेली आणि चाचांनी ओरडून सिस्टरला बोलावलं. किडनी घरात तयार होती आणि मी ती मिळायच्या आधीच संपणार होते, तेही जेवायला न मिळाल्यामुळे.

खीर

वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात खीर असते. वंदना झाली की लहान मुलं पुढे बसतात आणि खीर वाटायच्या आधी आत्या गोष्ट सांगते. दर वर्षी तीच, सुजातेच्या खिरीची. आत्या गोष्ट सांगते फार सुरेख, ते मी नाकारणार नाही. शाळेत तिचा तास म्हटला की टवाळ पोरंही गप्प बसायची म्हणे.

त्या वर्षीही पांढऱ्या साडीत उभी राहून ती सांगत होती. सिद्धार्थानं अन्न सोडलं. एक दाणा, मग तोही नाही. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागायचा. केस मुळासकट गळून यायचे. उठायला गेला की तोल जायचा. "आणि मुलांनो, एवढं करून त्याला मिळालं काय?" मुलं ओरडली, "काही नाही!" "बरोबर. शरीर उपाशी ठेवून काही साधत नाही, हे त्याला कळलं. आणि मग सुजातेनं दिलेली खीर त्यानं घेतली."

मग ती वाट्यांचं ताट घेऊन ओळीनं वाटत आली. माझ्यापुढे थांबली. उरलेल्या केसांवरून मायेनं हात फिरवला, म्हणाली, "तुला नाही हं बाळा, तुला पथ्य," आणि पुढच्या मुलाला वाटी दिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्या!" मी ओरडले. "त्याचे केस गळत होते, माझेपण गळतात. त्याचा तोल जात होता, माझापण जातो. त्याला खीर आणि मला दुधी? दर वर्षी गोष्ट सांगतेस, तुला स्वतःला कळलीय का ती?"

कुणीतरी काका म्हणाले, "मोठ्या माणसांशी असं बोलतात का गं?" आणि मागून बायकांमधून मम्मी उठली. आत्यासमोर जिनं कधी वर मान करून बघितलं नाही, ती सगळ्यांना ओलांडत आली आणि ताटातली एक वाटी तिनं उचलली.

"सुनंदा, विहारात तमाशा नको."

"तमाशा कसला ताई? पोरीला जेवू घालतेय."

माझ्याजवळ खाली बसून तिनं पदराची गाठ सोडली. आत डॉक्टर बाईंनी दिलेली गोळी होती, जेवणाबरोबर द्यायची. वाटीभर खीर चालेल का, हे ती फोन करून आधीच विचारून बसली होती, हे मला नंतर कळलं. गोळी दिली, चमचा भरला. मी खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा घशाखाली उतरेना.

एवढं भांडून खीर मिळाली आणि मला ती खाता येईना! मी मम्मीच्या मांडीवर डोकं आपटत रडले. सगळे समजले, पोरीला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप कसला? मला ती पूर्ण वाटी खाऊन दाखवायची होती.

नळी

दुसऱ्या दिवशी मम्मीनं पप्पांना विचारलं नाही, सांगितलं. मला घेऊन डॉक्टर बाईंकडे गेली. खाण्यानं भागणार नाही म्हणून नाकातून पोटात नळी घातली, तिच्यातून पातळ अन्न. तोंडानं अंडं, मासा, डाळ, जेवढं जाईल तेवढं. व्हिटॅमिनच्या गोळ्या. आणि मशीनवर थोडं थोडं करून जास्तीचं पाणी उतरवायला सुरुवात केली. नळीचा मला भयंकर राग यायचा. कॉलनीतला एक नग मला म्हणाला, "हे काय, तुला चार्जिंगला लावतात का?" मी त्याला चप्पल फेकून मारली आणि मग आम्ही दोघंही हसत सुटलो. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे.

पाणी उतरलं आणि खाली मी निघाले. गाल गेले, डोळे आत, हाडं बाहेर. म्हणजे बरी होत होते तेव्हाच मी सगळ्यात वाईट दिसत होते. मग काय, जिभेला हाड नसलेल्या सगळ्यांनी मम्मीला घेरलं. "मॅडमच्या हाताखाली कशी टुमटुमीत होती! अंडी चारली आणि पोर वाळली." मम्मीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि अंडी उकडत राहिली. आत्या घरी येईनाशी झाली.

ती आली ते मम्मीच्या तपासण्या होत्या त्या दिवशी, मला आंघोळ घालायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. दोघीही एकमेकींशी बोलत नव्हतो. तिनं माझा फ्रॉक काढला, पाठीवर पाणी घातलं, साबण लावत हात पोटाकडे आला आणि थांबला. तिचा हात माझ्या पोटावर तसाच राहिला. पोटातून पाठीचा कणा तिच्या हाताला लागत होता. मग ती न्हाणीघरातल्या उलट्या बादलीवर मटकन बसली. नळ वाहत होता, तो मीच बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज सकाळी यायची, अंडं सोलून पुढ्यात धरायची. मीठ नाही, वर मिरपूड. "चुकलं" हा शब्द तिनं तेव्हा काढला नाही आणि आजवर काढलेला नाही. मला माफी हवी होती, मला अंडं मिळालं. मी खाल्लं, पण तिला माफ केलं असं कुणी लिहू नये. तिच्यावर माझं प्रेम आहे, आम्ही एकत्र सिरियल बघतो, तिच्या गुडघ्यांना मीच तेल लावते. राग आहे तो आहे.

अंगात मांस आलं, डॉक्टर बाईंनी पुन्हा दंडाला चिमटा काढला आणि हो म्हणाल्या. मम्मीची किडनी माझ्यात बसली, ती अजून झकास चालतेय. कॉलेजला जाते, तिखट-आंबट खाते, भांडते.

गेल्या महिन्यात

तपासणीला गेले होते. बाकावर शेजारी सुरगाण्याकडची एक बाई, मांडीवर सहा-सात वर्षांची मुलगी, मानेत नळी. मुलीचे गाल गोल गरगरीत. मी त्या गालांकडे बघत राहिले, तर बाईला वाटलं, मला आवडले.

"गुबगुबीत झाली ना आता?" ती कौतुकानं म्हणाली. "मी लय पथ्य पाळते. काय नाय देत हिला. उडीद नाय, अंडा नाय, मासळी नाय. नुसती भाताची पेज."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. पाणी आहे ते, मारताय तुम्ही तिला, उपाशी ठेवताय, असं बरंच काही, आणि मोठ्यानं. सगळी ओपीडी वळून बघायला लागली. बाई आधी घाबरली, मग तीही चिडली. पोरीला छातीशी धरून म्हणाली, "कोनच्या शाळेत जातीस गं तू? एवढीशी पोर आनि मोठ्या मानसाला शिकवतीस?"

"मी वीस वर्षांची आहे," मी म्हणाले.

ती हसणार होती. मग तिनं माझा चेहरा नीट पाहिला. हात पाहिले. बाकावर बसले की माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, ते पाहिलं. किडनी मिळाली, पण वाढायचं जे वय दुधी आणि भातावर गेलं ते कुणी परत दिलं नाही.

"मी पण याच मशीनवर होते," मी म्हणाले. "मलापण खूप पथ्य पाळून वाढवलं."

मांडीवरच्या मुलीचे लोंबणारे पाय तिनं हातात घेतले आणि त्यांच्याकडे बघत बसली. मग माझ्याकडे वळली.

"ताई," ती म्हणाली, "मंग काय देऊ हिला?"

आमच्या दोघींचाही नंबर आला नव्हता. मी बाकावरून खाली उतरले, तिच्या दंडाला धरून उठवलं आणि डॉक्टरांचं दार ढकललं.